प्रॉम्प्टरला मिळालेली शाल

प्रेमदास नगराळेला गावात नीट पाहिलेलं कुणी नाही, पण ऐकलंय सगळ्यांनी, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. गावाच्या नाटकाचा तो प्रॉम्प्टर. अडतीस वर्षं डाव्या विंगेतलं एक स्टूल, मांडीवर वही आणि वहीवर टॉर्च, एवढीच त्याची रंगभूमी. पोटापाण्यासाठी तो शाळेत शिपाई होता. घंटा वाजवायचा, फळे पुसायचा, आणि निवृत्त झाला तेव्हा हेडमास्तरांनी भाषणात त्याचं नाव प्रेमलाल घेतलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. शाळेत तो शिपाई असला तरी विंगेत तो कोण होता ते त्याला ठाऊक होतं.

वडनेरहून आत चार किलोमीटरवर हे गाव. दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी आटोपली की इथे नाटक होतं, आणि दरवर्षी तेच होतं, 'वेशीवरची घागर'. बापूजी मास्तरांनी ते लिहिलं आणि पुन्हा काही लिहिलं नाही. एकात सगळं सांगून झालं, असं ते म्हणत. तरुणपणी प्रेमदास त्यांच्याकडे काम मागायला गेला होता, निदान भालदाराचं तरी. त्या काळी बौद्धपुऱ्यातल्या पोराला तेवढंही द्यायला मंडळातली जाणती माणसं तयार नव्हती. मास्तर ओशाळले, आणि मग त्यांनी त्याच्या हातात वही दिली. "यांच्या तोंडातून तूच बोलशील," ते म्हणाले. "फक्त यातला एक शब्द इकडचा तिकडे करू नको." ही दुधाची तहान ताकावर भागवण्यातली गोष्ट होती हे प्रेमदासला तेव्हाही कळत होतं. पण ताकही त्याने असं जपलं की पुढे दूध आठवेनासं झालं.

नाटक युद्धातलं. सरदार कालसेन वेढा घालतो, गाव वाकत नाही, म्हणून तो वेशीवरच्या विहिरीत विष कालवतो. लेकरं जातात, गाव शरण येतं. मग भर दरबारात तो एकेका गावकऱ्याला विचारतो, लेकरं कशानं गेली? आणि एकेक जण मान खाली घालून म्हणतो, साथीनं गेली, सरदार. सगळ्यांचं सांगून झालं की सगुणा येते. तिचे दोन्ही पोरगे गेलेले असतात. ती डोक्यावरची घागर सरदारापुढे उतरवते आणि बोलते, "सरदार, ही घागर त्याच विहिरीची. पाणी चांगलं असेल तर एक घोट घे. नाही घेत? म्हणजे तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे, एवढंच मला गावासमोर पाहायचं होतं." त्यानंतर, कुणी पुन्हा साथीचं नाव काढू नये म्हणून, ती स्वतः ते पाणी पिते आणि तिथेच कोसळते. पडदा.

आता या गावाची एक रीत. गावातल्या बाईने रंगमंचावर उभं राहायचं नाही. कालसेन गावचा चालतो, गावकरी तर गावचेच, पण सगुणा नागपूरहून आणायची. येणाऱ्या बाईची त्या हंगामात पंधरा दिवसांत अकरा गावं आणि अकरा नाटकं ठरलेली असतात. ती पाठ तरी काय करणार? चार वाजता येते, प्रवेश समजून घेते, तोंडाला रंग लावते आणि विंगेतून येईल तो शब्द उचलते. गेल्या दिवाळीत जागृती नावाची बाई आली होती. चाळिशीतली, घसा जरा बसलेला. तिने प्रेमदासला एवढंच विचारलं, "काका, आवाज दमत नाई ना मधात? बाकी माहं मी पाहून घेतो."

"अडतीस वर्षांत दमला नाई," प्रेमदास म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं. आल्याबरोबर प्रॉम्प्टरची चौकशी करणारी बाई म्हणजे जाणकार बाई.

गावातल्या बायांना मात्र सगुणेचं ते बोलणं तोंडपाठ होतं. घागर खाली उतरली की बायांच्या बाजूला ओळीने ओठ हलायला लागत. प्रेमदासला विंगेच्या फटीतून ते दिसे. त्याची बायको सीताबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसायची. तिला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच पाठ होतं, कारण दरवर्षी दसऱ्यापासून तो घरात वही मोठ्याने वाचायचा आणि ती चुलीपुढे बसून ऐकायची. मधे कधी तो अडखळला तर पोळी लाटता लाटता ती पुढचा शब्द द्यायची. प्रॉम्प्टरलाही प्रॉम्प्टर लागतो, असं तो हसून म्हणायचा.

त्या वर्षी बाया सगुणेची जास्तच वाट पाहत होत्या. त्याला कारण होतं. गावामागच्या टेकडीवर दोन वर्षांपासून निकेशभाऊंची गिट्टीची खदान सुरू होती. सुरुंग लागले की घरातली भांडी वाजत, आणि विहिरीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट झालं होतं. पोरांची पोटं बिघडायची ती बिघडलेलीच राहायची. एकदा तपासणी झाली आणि पाणी ठीक आहे असा कागद आला. ग्रामसभेत विचारलं तर पुरुषांनी माना खाली घातल्या, कारण अर्ध्या घरातली माणसं खदानीवर कामाला. आणि निकेशभाऊंची फक्त खदान नव्हती. हिंगणघाटला त्यांचं कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात प्रेमदासचा मुलगा अश्वजित प्रयोगशाळेत पाच वर्षांपासून कंत्राटावर होता. त्याला कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात समितीपुढे जायचा होता.

आणि मंडळाचा अध्यक्ष अंकुश याने नाटकाला प्रमुख पाहुणे म्हणून निकेशभाऊंनाच बोलावलं. मंडप त्यांचा, तर मान त्यांचा, इतका सरळ हिशेब. प्रेमदासला वाटलं, बाया चिडतील. पण शेजारची लीलाबाई ओट्यावर येऊन सीताबाईला म्हणाली, "बरंच झालं नं व माय. समोरच बसन तो. आपल्याले काई बोलाचं कामच नाई. सगुणा बोलते."

हे प्रेमदासने ऐकलं आणि त्याला अश्वजितचा कागद आठवला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे गावाने प्रेमदासची बाजू घेताना त्याला धमकी आली असेल असं म्हणून पाहिलं, आणि ते खोटं होतं. त्याला कुणी धमकावलं नव्हतं. निकेशभाऊंचा माणूस आला नव्हता, अंकुशने काही सुचवलं नव्हतं, अश्वजित तर त्या विषयावर चकार शब्द बोलला नव्हता. प्रेमदासने जे केलं ते आपल्याच मनाने केलं.

दहाच्या आत आटपायचं म्हणून नाटक सातला सुरू झालं. पुढे सोफा मांडला होता, सोफ्यापुढे टीपॉय आणि टीपॉयवर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. निकेशभाऊ पांढऱ्या कपड्यात मांडीवर मांडी टाकून बसले होते. त्यांच्यामागे अश्वजित उभा होता. त्याला कुणी तिथे उभं केलं, की तो आपणहून उभा राहिला, ते प्रेमदासला कळलं नाही. बाटलीचं झाकण काढून ती साहेबांच्या हाती देताना मात्र त्याने पोराला पाहिलं.

दोन तास नाटक सुरेख चाललं. जागृती अशी होती की शब्द तिच्या कानावर पडतो न पडतो तोच तोंडातून निघत होता, आणि निघताना तो तिचाच झालेला असायचा. पोरं जातात त्या प्रवेशाला ती रडली नाही, नुसती रिकामी झोळी हलवत बसली, तर मंडपात पुरुषांनीही नाकं ओढली. सीताबाईने पदर तोंडाला लावलेला प्रेमदासला दिसला. इतकी चांगली सगुणा अडतीस वर्षांत आली नव्हती, असं त्याला वाटलं. मग दरबार भरला. गावकऱ्यांनी माना खाली घालून साथीचं सांगितलं. जागृती घागर घेऊन आली, ताठ चालत, आणि तिने ती कालसेनापुढे उतरवली.

बायांच्या बाजूला ओठ हलायला लागले. फटीतून प्रेमदासला ते दिसले, आणि सोफाही दिसला. निकेशभाऊ पुढे सरकून बसले होते.

वही उघडी होती. टॉर्चचा उजेड नेमका त्या ओळीवर होता. प्रेमदासने ती ओळ पाहिली आणि म्हणाला, "सरदार, आमचं चुकलं."

जागृती क्षणभर थांबली. दोन तास ती ज्या बाईला घेऊन चालली होती, ती बाई असं म्हणेल हे तिला पटलं नसावं. पण तो आवाज दोन तासांत एकदाही चुकला नव्हता. ती म्हणाली, "सरदार, आमचं चुकलं."

"उरलेल्या लेकरांवर दया करा," प्रेमदास म्हणाला. ही वाक्यं बापूजी मास्तरांची नव्हती. अशी वाक्यं कुठल्याही नाटकात पडलेलीच असतात, शोधावी लागत नाहीत. जागृतीने गुडघे टेकले, हात जोडले. कालसेनाचं काम करणारा आदेश किराणावाला भांबावून विंगेकडे पाहायला लागला. त्याला नाटक पाठ होतं. पण विंगेतून येईल तेच खरं, हे त्याला बापूजींच्या काळापासून शिकवलेलं. प्रेमदासने त्यालाही वाक्य दिलं. "ऊठ बाई. तुला माफ केलं," आदेश म्हणाला, आणि पडदा पडला.

घागर तशीच भरलेली राहिली. कुंपणानेच शेत खावं तसं झालं.

टाळ्या वाजल्या, पुरुषांच्या बाजूने जरा जास्त. बायांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली होती. बाई नवीन होती, विसरली असेल, असं कुणी म्हणालं. तेवढ्यावर निभावलं असतं. दोष जागृतीवर गेला असता, प्रेमदास मनातल्या मनात जळत राहिला असता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला तेच हवं होतं. तो वही फडक्यात बांधत होता. पोराच्या नोकरीचा विचार करून तो स्वतःला समजावत होता.

तोच माइकवर निकेशभाऊंचा आवाज आला. त्यांचा सत्कार झाला होता आणि आता ते बोलत होते. "लहानपनी आईसंगं बसून हे नाटक पाह्यलं मी. शेवट मले पाठ हाय. आज मनात म्हटलं, शेवट आला का आपल्याले उठून जावं लागते का काय. पन तुमच्या प्रॉम्प्टरनं सांभाळून घेतलं. मोठा समजदार मानूस हाय. कोन हाय तो? बोलवा त्याले वरती."

प्रॉम्प्टरला रंगमंचावर बोलावलं गेलं ते अडतीस वर्षांत पहिल्यांदा. प्रेमदासने हे कितीदा मनात पाहिलं होतं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. त्यात बापूजी मास्तर त्याचा हात धरून त्याला पुढे नेत आणि समोर सगळं गाव असे. आता अंकुशने त्याचा हात धरून नेलं. समोर सगळं गाव होतं. निकेशभाऊंनी आपल्या खांद्यावरची शाल काढली, त्याच्या खांद्यावर घातली आणि फोटोसाठी त्याला जवळ ओढलं. उजेड डोळ्यांवर होता म्हणून मागच्या रांगा दिसत नव्हत्या. तिसरी रांग मात्र दिसत होती. सीताबाईची कडेची जागा रिकामी झाली होती.

शाळेच्या वर्गात जागृती रंग पुसत होती. प्रेमदास दारात आला तशी म्हणाली, "काका, वही दाखवा."

त्याने दिली. तिने शेवटचं पान काढून वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग वही मिटून बाकावर ठेवली. "मले पाठ कराले टाइम नसते," ती म्हणाली. "मी तुमच्या भरोशावर उभी राहतो तिथं. मले उद्या सेलूकडं दुसरं नाटक हाय, मी हे विसरून जाईन. पन त्या बाया काय म्हनत असतील मले?" तिचा आवाज चढला नव्हता. "एवढं चांगलं भाषन होतं, काका. मले बोलू द्याचं होतं."

प्रेमदासला काहीतरी म्हणायचं होतं, माझ्या पोराची नोकरी वगैरे. त्याने बाकावरची वही उचलली आणि पुन्हा फडक्यात बांधली.

घरी सीताबाईने ताट वाढलं. ती रागावेल, भांडेल, निदान भाकर आदळेल असं त्याला वाटत होतं. तिने वरण पुन्हा वाढलं, पाणी ठेवलं आणि कालचं दळण आणायचं राहिलंय असं सांगितलं. अश्वजित मात्र जेवला नाही.

"मी सांगतलं होतं का तुमाले, बाबा?" त्याने विचारलं.

"नाई."

"मंग काऊन केलं? उद्या कॉलेजात सगळे म्हनतीन, बापानं पाय धरले म्हून पोराचं झालं. माही पाच वर्षांची नोकरी तुमी एका वाक्यात धुऊन टाकली."

डिसेंबरात अश्वजितला कायम केल्याचा कागद आला. तो नाटकामुळे आला की पाच वर्षांच्या कामामुळे, हे कळायला आता काही मार्ग उरला नव्हता. पेढे आणले नाहीत. कागद फोटोफ्रेमच्या मागे खोचून ठेवला. शाल खुंटीला टांगलेली होती. सीताबाई ती पेटीत ठेवत नव्हती आणि टाकूनही देत नव्हती. थंडी पडली, प्रेमदासला रात्री कुडकुडायला व्हायचं, पण खुंटीकडे हात जात नव्हता. विहिरीवर तो गेला की बाया बाजूला व्हायच्या, पूर्वी आदराने व्हायच्या तशाच. त्यातला फरक त्याला एकट्याला कळत होता. विहारात वंदनेला बसला तरी 'मुसावादा वेरमणी' म्हणताना त्याचा आवाज आपोआप खाली जायचा. खोटं बोलणार नाही, हे म्हणायचं कुठल्या तोंडाने?

नवरा-बायकोत बोलणं बंद नव्हतं. मीठ, दळण, औषध, सगळं बोलत होते. फक्त एकदा तो वहीतलं काहीतरी पुटपुटत होता आणि अडखळला. सीताबाई चुलीपुढेच होती. तिने पुढचा शब्द दिला नाही. त्या दिवशी प्रेमदास परसात जाऊन एकटाच रडला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. झेंड्याला निकेशभाऊ आले होते आणि चहापुरते थांबले होते. पुढे टेबल, टेबलामागे सरपंच, सचिव आणि मधल्या खुर्चीत ते. खदानीला पुढची पाच वर्षं गावाची हरकत नाही, असा ठराव सचिवाने वाचला. पाण्याबद्दल कुणाला काही म्हणायचंय का, असंही विचारलं, विचारायचं असतं म्हणून. पुरुषांनी माना खाली घातल्या. प्रेमदास त्यांच्यातच बसला होता, आणि त्याची मान तर आधीपासूनच खाली होती.

बायांच्या बाजूने कुणीतरी उठलं. चपलांचा आवाज आला म्हणून त्याने वर पाहिलं. सीताबाई होती. जी बाई चार माणसांत नवऱ्याचं नाव घेताना लाजायची, ती हातात स्टीलची लोटी घेऊन टेबलापर्यंत गेली. तिने लोटी निकेशभाऊंच्या पुढ्यात ठेवली. पांढरट पाणी काठोकाठ भरलेलं होतं, थोडं ठरावाच्या कागदावर सांडलं.

सीताबाईने तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. सरपंच म्हणाला, "काय पाह्यजे, काकू?" मागे कुणीतरी हसलं.

प्रेमदासला काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. अडतीस वर्षांची सवय होती. समोर उभं असलेलं माणूस अडखळलं की त्याचा आवाज आपोआप निघायचा. तो अर्धवट उठला आणि नेहमीच्या, तिसऱ्या रांगेला ऐकू न जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "ही घागर त्याच विहिरीची..."

सीताबाईला ते ऐकू गेलं. ती वळली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुमी नका सांगू," ती म्हणाली. "मले पाठ हाय."

प्रेमदास खाली बसला. आजूबाजूच्या चार माणसांनी ते ऐकलं होतं आणि ती दुसरीकडे पाहू लागली होती. डोळ्यांपुढे माती दिसत होती तेवढीच. या ओझ्यापुढे त्या दिवशीची शाल हलकी होती असं त्याला वाटलं.

सीताबाई पुन्हा टेबलाकडे वळली. आता तिचा आवाज लागला होता. "भाऊ, हे आपल्याच विहिरीचं पानी हाय. कागदावर ठीक हाय म्हनता. तुमी एक घोट घ्या, आमी सगळ्या बाया ठरावावर आंगठा देतो."

निकेशभाऊ हसले. इकडे तिकडे पाहिलं. समोरची सीलबंद बाटली त्यांनी उगाच थोडी बाजूला सरकवली. लोटीला हात लावला नाही.

"नाई घेत ना?" सीताबाई म्हणाली. "मंग तुमाले ठाऊक हाय."

बायांच्या बाजूला ओळीने ओठ हलत होते. पुरुषांच्या बाजूला, मान खाली घालून बसलेल्या प्रेमदासचेही हलत होते, पण त्यातून आवाज निघत नव्हता.